आठात पाच

विडी घरकुलातली मागची खोली.
पूर्वी इथं सुताची बाचकी असायची,
आता एक लाकडी पेटी आहे, मीच ठोकलेली.
तीत ओळीनं पत्रे, पत्र्यांना बटणं, भोकं,
भोकाभोकांतून लोंबणाऱ्या वायरी,
लाल, पिवळ्या, एक निळी, हात लागला की खरखरणारी.
आई म्हणते, वायरमनचं पोट फाडून ठेवलंय पोरीनं.

मधल्या पत्र्याला सहा वाटा आहेत.
दर वाटेला दोनच गोष्टी सांगायच्या,
घरं किती, ठोके किती.
आठ घरं, पाच ठोके, एवढंच सांग,
पुढचं वाटप त्याचं तो सिक्वेन्सर करतो,
जमेल तितकं सारखं,
न जमलेलंही सारखंच पसरून:
ठक् – ठक् ठक् – ठक् ठक् –

सहावीत मेरगू बाईंनी मसावि शिकवला.
मोठ्यातून लहान वजा करा,
उरलं त्याला पुन्हा धरा,
काही उरेनासं होईपर्यंत.
मी विचारलं, बाई, हे कुठं लागतं?
परीक्षेत, म्हणाल्या.
बाई, तेवीस वर्षांनी लागलं.
परीक्षेत मात्र आलंच नव्हतं.

तर पहिल्या वाटेवर बुडाचा ठोका, आठात तीन.
दुसरीवर पितळी वाटीसारखा आवाज, बारात सात.
तिसरीला मुद्दाम तेरा घरं दिली, ठोके पाच.
चौथी मुकी.
वायर बदलली, बटण पुसलं, तीन दिवस झाले.
पाचवी नुसती उजेड-अंधार करते.
सहावीला अजून काही सुचलेलं नाही.

दुपारी दोनला लाईट गेली.
शेजारी गुंटूकांच्या शेडमधले चारही माग
एकेक करून गप्प झाले, पेटी एकदम.
नानांना ऐकू येत नाही, पण लाईट गेलेली
त्यांना तळपायातून कळते. उठून आत आले.

नानांनी जन्मभर जकार्डच्या पत्त्या पंच केल्या.
भोक म्हणजे धागा वर,
भोक नाही म्हणजे धागा खाली.
एका मोराला बावीसशे पत्त्या,
आणि मोराच्या डोळ्यात एक भोक जास्त पडलं
म्हणून शेटजीनं कापलेले अकरा रुपये,
ते अजून सांगतात.

लाईट आली.
गुंटूकांचे माग आपापल्या सवडीनं उठले,
पेटी पुन्हा पहिल्या घरापासून.
नानांनी लाकडावर तळवा ठेवला.
थोड्या वेळानं म्हणाले,
तिसऱ्याचा धोटा मागं राहतोय गं.

पाटीवर लिहून दाखवलं: राहू दे. त्याची घरं तेरा.
तिघे परत एकत्र येतात तीनशे बारा घरांनी.
सेकंदाला दोन घरं,
म्हणजे अडीच मिनिटं नि वर थोडं.
बघते म्हटलं, हात किती वेळ टिकतो.
नाना डोळे मिटून बसले.
पंख्याखाली उन्हाचा वास, सुताची जुनी धूळ.
मिनिटही झालं नसेल,
नानांनी बोट वर केलं.
आगु.

चुकलात, असं लिहायला खडू उचलला
आणि मनातल्या मनात मांडून पाहिलं.
आठ तेरे एकशे चार.
पहिला आणि तिसरा तिथं भेटलेच होते,
बाराचं आपलं चाललेलं, नवव्या घरात.
मी तिघांचीच वाट बघत आले, महिनाभर,
दोघांची भेट एकदाही ऐकली नाही.

नानांनी डोळे उघडले नाहीत.
दुसऱ्या हातानं चाचपत
ती मुकी चौथी वाट शोधली,
निळी वायर काढली, उलटी फिरवून खोचली.
काही झालं नाही.
खरखरली फक्त.

बाहेरच्या खोलीतून आई ओरडली,
सुपातली पानं तशीच धरून:
बंद करा ती ठकठक!
कट्टा सव्वीसचा झाला माझा.