द्राक्षाचा वास

गांगुर्डे बाईंनी टेबलावर ठेवली,
पेन ड्राइव्हएवढी, जांभळी.
"नववी ब मध्ये सहा निघाल्या. मुलींकडेही.
आठवीतले उसनी ओढतात,
नववीत वर्गणी काढतात,
दहावीतला एक जण विकतो, सायकल स्टँडमागे."

मी हुंगून पाहिली.
द्राक्ष.

अंबडच्या लॅबमध्ये दिवसभर
मी द्राक्षंच तपासते.
पिंपळगावचा घड, दिंडोरीचा घड.
फवारणीचा अब्जावा अंश जास्त निघाला
तरी माझी सही
अख्खा कंटेनर अडवते.

आणि हे द्राक्ष
कुठल्या वेलीवर आलं, छाटणी कधीची,
कसलीच नोंद नाही.
कंपासपेटीतून सरळ
माझ्या निहारच्या छातीत उतरलं.

स्कूटरवर तो मागे गप्प.
मायको सर्कलच्या सिग्नलला म्हणाला,
"आई, धूर नसतो तो. वाफ असते नुसती."

वाफ.
सर्दी झाली की पातेल्यावर वाकून
एकाच टॉवेलखाली आम्ही दोघं,
आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगायचे,
घे, खोल घे,
अजून एकदा.