शंभर कोंबड्यांची पहाट

आमच्या भाषेत क्वाचा म्हणजे उजाडलं.
नोटेचंही नाव तेच.
शंभर तंबाला मिळून एक क्वाचा,
आणि तंबाला म्हणजे कोंबडा.
लहानपणी आई सांगायची:
शंभर कोंबडे आरवले की एक पहाट होते.

आता तंबाला कुणी घेत नाही.
दुकानदार हसतसुद्धा नाही.

मी डोवाच्या पाणी कार्यालयात हिशेब लिहितो.
सव्वीस वर्षं. निळी शाई, लाल शाई, मग संगणक,
आणि वीज गेली की परत निळी शाई.
माझ्या वहीत आजवर बेरीज चुकलेली नाही,
लिलाँग्वेचे ऑडिटर जेवायला थांबले होते
तेव्हा त्यांनीही तसं सांगितलं, दुसऱ्यांदा मासा वाढून घेताना.

त्या साली उत्तरेकडच्या एका थंड देशानं
बारा हातपंपांसाठी चाळीस हजार डॉलर दिले.
बँकेच्या फळ्यावर डॉलरला हजार.
बँकेमागच्या गल्लीत, मसाउको मोबाइलची कव्हरं विकतो तिथे,
डॉलरला सतराशे.

डॉलर गेले गल्लीतून.
वहीत आले फळ्यावरून.
चार कोटी क्वाचा जमा. मी लिहिलं, पावती जोडली,
शिक्काही सरळ उमटला.
वरच्या दोन कोटी ऐंशी लाखांना
वहीत रकानाच नव्हता.
चोरी म्हणावी तर कुलूप कुठलंच तुटलं नाही.

पंप येतो परदेशातून,
आणि पंपवाला भाव सांगतो तो गल्लीचा.
चार कोटींत सात बसले.
बारातून सात गेले, पाच गावं उरली.
ही वजाबाकीही बरोबर आहे,
पुन्हा करून पाहिली आहे मी, रात्री, वहीशिवाय.

पाहणीला इंगुनबाई आल्या.
उन्हानं नाकाची साल निघालेली.
सातही पंप त्यांनी स्वतः हापसले,
चौथ्याला जोर लावताना चप्पल निसटली,
बायका हसल्या, त्याही हसल्या.
मग विचारलं, आणि बाकीचे पाच?

काटुंडूसाहेब आभाळाकडे बघत म्हणाले, दर.
एवढंच. दर.
जसं कुणी म्हणावं, टोळधाड.
जसं म्हणावं, देवाची मर्जी.
बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं.
त्यांच्या अहवालात त्या शब्दाला रकाना होता.

साहेबांचं टेकडीवरचं घर कुठल्या दरानं उभं राहिलं
हे मला विचारू नका.
मला काय मिळालं ते विचारा.
बावीस पत्रे. निळे.
मागितले नव्हते.
परतही केले नाहीत.

चिम्बाला हे उरलेल्या पाचांतलं.
आईचं गाव. माझी बहीण एलुबे अजून तिथेच असते.
ओढ्याच्या पात्रातल्या खड्ड्यावर ती रात्री तीनला जाते,
कारण उजाडलं की पाणी ढवळलेलं असतं.

नाताळात गेलो तेव्हा तिनं कप पुढे ठेवला.
थांब जरा, म्हणाली, गाळ बसू दे.
आम्ही दोघं कपाकडे बघत बसलो.
पत्र्यांचं तिला कळलं असावं. विचारलं नाही.

मग आतून आईचा डबा आणला, दूधपावडरीचा.
बँक घेईल का रे हे? तू हिशेबातला माणूस.
मी नाणी चटईवर ओतली,
दहा-दहाच्या ढिगाऱ्या लावल्या,
सवयीनं, दोनदा मोजली.
एकसष्ट कोंबडे.
एक क्वाचासुद्धा भरत नव्हता.

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात.
मी डब्याला झाकण लावलं.
बाहेर मिट्ट काळोख होता,
आणि एलुबे बादली शोधत होती.