डावीकडे

पहिला आठवडा आम्ही उजवीकडून जातो,
कारण तोरसकरांच्या जगात डावीकडे काही नसतं.
अर्धीच थाळी वाढली म्हणून ते भांडतात
आणि भात तिथेच असतो, डाव्या अर्ध्यात, निवत.
मी थाळी फिरवते.
"हा आता कुठून आला?"

फिजिओची रोवेना येते चाळीस मिनिटं.
उरलेले तेवीस तास, वीस मिनिटं
आमचे: लिसम्माचे, माझे, रात्रपाळीच्या वफाचे.
दर दोन तासांनी कूस.
खांद्याखाली उशी. हाताला धरून ओढायचं नाही,
नव्या मुली ओढतात आणि खांदा जातो.
हनुवटी खाली, चमचाभर घट्ट पाणी, थांबा, गिळा,
पुन्हा गिळा.
"पाण्याची पेज केलीत की हो सिस्टर," म्हणतात,
वेंगुर्ल्याचा माणूस,
सोहारच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पाइप जोडलेला.
दाढी उजव्या गालाचीच करतात
आणि आरशात ती पूर्ण असते.

दुसऱ्या आठवड्यात मी खुर्ची डावीकडे नेली.
फोन तिकडे, घड्याळ तिकडे, मीही तिकडे.
हाक मारायची आणि वाट बघायची.
मिरजेला नर्सिंग शिकताना हे कुठल्या धड्यात नव्हतं,
की वाट बघणं हेही हातांनी करायचं काम आहे,
हात मांडीवर घट्ट दाबून.

एका दुपारी ते रडत होते.
"बायको नका म्हणते."
फोन घेतला. लिहिलं होतं:
काळजी करू नका.

मराठी डावीकडून सुरू होते.
त्यांच्या वाट्याला ओळींची शेपटंच यायची.
इलेक्ट्रिशियन रशीदकडून लाल टेप मागितली,
फोनच्या डाव्या कडेला चिकटवली.
लाल दिसेपर्यंत मागे जायचं, तोरसकर.
लाल दिसल्याशिवाय वाचायचं नाही.
नका, म्हणाले. करू, म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही. एसीचा आवाज.
मी मान धरून वळवली नाही.
वळवली असती तर ती माझी मान झाली असती.
"काळजी."
आणि मग सगळं सरळ, एका दमात,
शाळेत उभं राहून वाचावं तसं.

शेजारच्या खाटेवर खलफान बिन मुराद,
खजुराची बाग, सात मुली, तोच झटका, तीच बाजू.
पण अरबी उजवीकडून सुरू होते,
म्हणून त्यांच्या ओळी नीट निघतात
आणि शेवटाआधी बुडतात.
त्यांच्या वर्तमानपत्रालाही तीच टेप, त्याच कडेला.
एकाला आरंभ सापडायचा होता, एकाला शेवट.
हे मी लिसम्माला सांगितलं तर म्हणाली,
एस्तेर, आधी बेडपॅन बघ.

खलफान रोज सकाळी म्हणायचे: सबाह अल-खैर.
तोरसकर गप्प.
एकवीस दिवस.
"हा हिंदी फार मग्रूर आहे, बिन्ती," ते मला म्हणाले.
मग्रूर नाहीत, बाबा. तुम्ही त्यांच्या डावीकडे आहात.

बाविसाव्या दिवशी मी औषधं मोजत होते.
सबाह अल-खैर.
तोरसकरांची मान हलली.
टेपपाशी अडली, खुर्ची ओलांडली,
माझ्या कोपराला वळसा घालून पुढे गेली.
"अरे," म्हणाले, "हे कधी आले?"
तुमच्या आधीपासून आहेत.
"मग सांगायचं नाही का!"

खलफाननी टेबलावरचा डबा पुढे केला,
खजूर निवडला, मऊसा, हात थरथरत.
तोरसकरांचा उजवा हात छातीवरून पलीकडे निघाला,
दोन खाटांच्या मधे लटकत राहिला.

खजूर मी मधेच घेतला.
घास अजून बारीक हवा, चिकट तर नकोच.
दोघेही माझ्याकडे असे बघत राहिले,
दोन्ही डोळ्यांनी, एकाच बाजूला,
की मला तो खावाच लागला.

नोंदवहीत लिहिलं: रुग्ण डावीकडे वळला, स्वतःहून,
सकाळी सात वाजून दहा मिनिटं.
खजुराबद्दल काही लिहिलं नाही.
बी अजून एप्रनच्या खिशात आहे.