सव्वीस सेकंद

टोरांटोहून एक बाई लिहिते, गाणं फार आवडलं,
विशेषतः मधला तुकडा.
गाद्या विकणारी कंपनी आहे. सव्वीस सेकंद हवेत.
शब्द नकोत,
शब्दांनी माणूस जागा होतो.

मी टायरच्या दुकानात गल्ल्यावर असते.
थंडर बेमध्ये ऑक्टोबर म्हणजे आमची सुगी,
अख्खं गाव एकाच आठवड्यात
हिवाळ्याचे टायर चढवायला येतं.
पत्र फोनवर वाचलं, उभ्या उभ्या,
आणि रकमेतली शून्यं दोनदा मोजली
गिऱ्हाइकाची सुटी नाणी मोजावीत तशी.

करार अकरा पानांचा.
समस्त विश्वात, अनंत काळापर्यंत,
आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोध लागेल
अशा सर्व माध्यमांतून.
एवढं तर लग्नातही कुणी मागितलं नव्हतं.
रैमो नुसता म्हणाला होता, बघू जमतं का.

सातवं कलम: गाण्याचे सर्व मालक कोण?

मालक.
अठ्ठ्याण्णवचा मार्च, डेलच्या मामाची लाकडी सौना,
भट्टी विझलेली, बाहेर सरोवराचा बर्फ तडकत होता,
आणि चार ट्रॅकचं एक कॅसेटयंत्र,
त्यातला चौथा बिघडलेला.
तेव्हा मालकी म्हणजे बिअर कुणी आणली एवढंच.
डेल पेट्रुनिक ड्रम वाजवायचा. अर्धी चाल त्याची.
हे कुठेच लिहिलेलं नाही.
म्हणजे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं.
एक अख्खा मंगळवार मी गप्प बसूनही पाहिलं.

बुधवारी त्याच्या आईकडे गेले.
बारा वर्षांनी.
त्याला पुरताना ओल्हा म्हणाली होती, तेच म्हण ना,
आणि माझ्या तोंडून सूर फुटला नव्हता.
आता मी दारात उभी, गादीचे कागद घेऊन.

तिने चष्मा शोधला. केटल ठेवली, विसरली.
मी फोनवर गाणं लावलं.
एक मिनिट बारा सेकंदांवर
तिने हात वर केला, रहदारी थांबवावी तसा.
हा कोण खोकला?
डेल.
परत लाव.
परत लावलं. केटलचं पाणी आटत गेलं.
मग विचारलं, त्यांच्या तुकड्यात हे येतं का?
नाही. दोन सेकंद आधी संपतो.
मग दोन सेकंद पुढे सरकव म्हणावं.
नाहीतर माझी सही नाही.

टोरांटोने फारच सौजन्याने कळवलं:
खोकला काढून टाकता येईल, काळजी नसावी,
फक्त ड्रमचा ट्रॅक सुटा पाठवा.
मी लिहिलं, सुटं काही नाही.
ड्रम, खोकला, बर्फ, सगळं तिसऱ्या ट्रॅकवर.
घ्यायचं तर एकगठ्ठा घ्या.

चार दिवस उत्तर नाही.
रैमोने त्या पैशांतून नवी भट्टी पसंत करून ठेवली होती.
तो काही बोलला नाही,
फक्त जुनीवर दोनदा थापट मारली.

पाचव्या दिवशी: दिग्दर्शकाला खोकला भावला.
घरात माणूस असल्यासारखं वाटतं म्हणे.

चेक आला, अर्धा अर्धा झाला.
अनंत काळ जानेवारीत सुरू झाला,
हॉकीच्या दुसऱ्या मध्यंतरात.
पांढऱ्या गादीवर एक बाई पडते, डोळे मिटते,
आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी खोकतं.

ओल्हाला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही.
तरी सगळे सामने बघते.
मग माझा फोन वाजतो. लागली, म्हणते.
दोघी गप्प राहतो, जाहिरात संपेपर्यंत.
ते गाणं मी अजून तिला म्हणून दाखवलेलं नाही.
तीही विचारत नाही.
काल फोन ठेवता ठेवता म्हणाली,
आज जरा कमी वाटला गं खोकला.