पासिंग

रविवारी आमच्या ऑफिसात सिनेमावाले आले.
गायत्रीनगरचा आयटी पार्क, तिसरा मजला.
एचआर मॅडमनी ग्रुपवर टाकलं: इंटर्न लोकांनी या,
रोजचेच कपडे, रोजचीच जागा.

मी माझ्याच खुर्चीत बसले.
समोर माझाच कॉम्प्युटर, बंद.
कीबोर्डवर नुसती बोटं फिरवायची, आवाज नको.
ताई, तुम्ही इथं इंटर्न आहात असं समजा,
टोपीवाला पोरगा म्हणाला.
समजले.
आधी तीन महिने समजले, मग अजून तीन,
आता 'मार्चनंतर बघू'.

हीरोला आज नोकरीवरून काढायचं होतं.
त्याच्यासाठी खोका आणला होता,
खोक्यात प्लास्टिकचं रोप आणि एक फोटोफ्रेम,
फ्रेममधली आई कोणाचीच नव्हती.
तो पाच वेळा रडला, ग्लिसरीन घालून.
सगळ्यांनी उभं राहून त्याच्याकडं बघायचं
आणि मी मागून फाईल घेऊन जायचं.
त्याला पासिंग म्हणतात.

आमच्याकडं कोणासाठी कोणी उभं राहत नाही बाप्पा.
परातेचं कार्ड एका सोमवारी गेटवर वाजलं नाही, एवढंच.
त्यानं ते शर्टाला पुसून पुन्हा लावलं.
मेश्रामकाकांनी रजिस्टर सरकवलं:
व्हिजिटरमध्ये सही कर,
अन् डबा वर राहिला असंल तर घेऊन ये.

अन्वय नव्हता आला शूटिंगला.
त्याचं ऑफर लेटर गुरुवारीच आलं, रामदासपेठेत.
चांगला आहे पोरगा, खोटं काऊन बोलू,
एक्सेल त्यानंच शिकवलं मला.
फक्त 'स्टायपेंडचं काय झालं' हे
त्याच्या घरी कोणी विचारत नाही.
आमच्या गोळीबार चौकात ते रोज रात्री
वरणाच्या आधी ताटात पडतं.

पॅकअपला पाकीट मिळालं. पाचशे.
सही केली; नावापुढं लिहिलं होतं, कॅरेक्टर: इंटर्न.
त्या खुर्चीत बसून मिळालेला
हा पहिला पैसा.

बाबांनी नोट ट्यूबलाईटपुढं धरून पाहिली.
माग विकून नऊ वर्षं झाली, तरी ते
खटखटीवरून ऐकू जावं असंच बोलतात:
पगार झाला का वं पोरी?
हो म्हटलं.
हळू.

सिनेमा येईल तेव्हा येईल.
त्यात तरी मी असेन तिसऱ्या मजल्यावर,
रडणाऱ्या माणसाच्या मागून
डावीकडून उजवीकडं जाताना,
हातात परातेच्या ड्रॉवरमधली फाईल.