पहिली वीत

साहेब, तुमचं पत्र पोचलं.
दाजी पेठेत पोस्टमननं तीन गल्ल्या फिरवून
शेवटी सुताच्या दुकानात टाकलं.
श्रावंती घेऊन आली, माझी नात.
तिनं वाचलं, मी ऐकलं,
माग थांबवून. खटखटीत
हॉलंड ऐकू येत नाही.

सोबत झाड पाठवलंत.
केवढं झाड! फांदीफांदीवर टोप्या घातलेली नावं,
जन्म, लग्न, मरण, सगळ्याला तारीख.
एकच फांदी समुद्र ओलांडून मछलीपट्टणला उतरते,
तिथून वर, नागुलवंच्याच्या वखारीत:
आद्रिआन, कापड मोजणारा कारकून.
त्याच्या खाली प्रश्नचिन्ह,
सूत अडकवायच्या हुकासारखं.

तिथं मी लटकलोय, असं तुम्हाला वाटतं.
आडनावावरून. वलंदे.
आजोबांना मास्तरांनी विचारलं होतं, म्हणजे काय रे?
गावाचं नाव.
कुठंय गाव?
बुडालं.

डोळ्यांचं विचारलंत. हो, घारे निघतात,
दर पिढीत एखाद्याचे.
चुलत्याला सगळी पेठ पिल्ली म्हणायची,
तेलुगूत मांजर.
नाणंही होतं, तांब्याचं,
तीन अक्षरं एकमेकांत अडकलेली.
बहात्तरच्या दुष्काळात ते माझ्या भावानं गिळलं.
तीन दिवस आई राख घेऊन बसली.
मिळालं नाही. भाऊ आता भिवंडीत असतो,
त्यालाच विचारा.

आमच्याकडे झाड नव्हतं.
कुनपुली यायचे, चित्रांचा पडदा उलगडून
मार्कंडेयापासून सुरू करायचे,
भावनाऋषी, कमळाच्या देठातलं पहिलं सूत,
पहाटेला आमच्या पणजोबांपाशी पोचायचे.
मधे कुठं टोपीवाला नव्हता.
तांदूळ कमी पडले म्हणून गाळला असेल, काय की.

ती दुसरी यादी मात्र श्रावंतीनं दोनदा वाचली.
तो तापानं मेला, तेव्हा वखारीनं लिलावासाठी केलेली:
सदरे पाच, एक फाटका.
जस्ताची ताटली.
पोपटाचा पिंजरा, रिकामा.
एक देशी बाई, मुलासह.
गज, लाकडी, कापड मोजण्याचा.

पिंजरा रिकामा आहे, हे लिहिलं त्यांनी.

आता ऐका.
आमच्या घरात नवा माग बसला की
पहिली वीत कापून ठेवतात.
विकत नाहीत, वापरत नाहीत.
पेंटम्माची, म्हणतात.
कोण पेंटम्मा? आजी म्हणायची, गप, सूत तुटेल.
पेंटा म्हणजे उकिरडा.
मुलं जगत नसली की जन्मलेल्या पोरीला
घटकाभर उकिरड्यावर ठेवायचं,
मरणाला वाटावं, ही कुणालाच नको,
मग उचलायचं, आणि तेच नाव ठेवायचं.
हातमाग गेले, पॉवरलूम आले,
लुगडी गेली, टॉवेल आले,
गिरणीचा भोंगा बंद पडला.
वीत कापायचं कुणी विसरलं नाही.

ती हीच, याला माझ्याकडे पुरावा नाही.
कोर्टात टिकणार नाही.
तरी पाकिटात एक वीत घालतोय,
दिवाळीत बसवलेल्या मागाची,
पांढरी, काठ निळा, धुतलेली नाही.
आजवर एकही घराबाहेर गेलेली नव्हती.

आद्रिआनच्या शेजारी लिहा: पेंटम्मा.
स्पेलिंग श्रावंती देईल.
माझ्या नावाची घाई नाही.
आणि तेवढं कळवा,
पाकीट वाटेत कुणी फोडलेलं तर नव्हतं ना.