पाटीवरचं नाव

सरपंचांनी दोरी ओढली, पडदा अडकला.
बँडवाले तोच तुकडा पुन्हा वाजवत राहिले.
ओहायोच्या कंपनीतून आलेल्या बाई
चिखलातून टाच सोडवत म्हणाल्या,
एका तारेपासून सुरुवात केली त्यांनी.
मी, शाळेतली इंग्रजीची मास्तरीण, तसंच सांगितलं:
तारेपासून.

पाटीवर कोरलंय अँड्र्यू हडसन.
किसुत्सेच्या डोंगरात या नावाचं
कुणी जन्मलेलं नाही.
जन्मला तो ओंद्रेय खुदोबा.
खुदोबा म्हणजे आमच्या बोलीत दारिद्र्य.
पहिल्या मोठ्या ऑर्डरीवर सही करताना
त्यानंच ते टाकून दिलं म्हणतात.
अर्थ काय त्याचा? बाईंनी विचारलं.
जुनं आडनाव, म्हटलं, इथे पुष्कळांचं असतं.
माझंही आहे.

कंपनी आता कुंपणं करते,
मैलोन्‌मैल, सरकारांसाठी.
हे वाक्य मी भाषांतरात गाळलं.

मग फिलोमेना पुढे आली, कुशीत मडकं घेऊन.
मधोमध तडा, तड्यावर तारेची जाळी,
नऊ वर्षांच्या बोटांनी विणलेली,
बापामागे दारोदार फिरताना.
म्हणाली, पणजोबांनी मजुरीचे दोन ग्रायत्सार
पुढच्या खेपेला देतो म्हटलं होतं.
तो काही परत आला नाही.
विचार हिला, कुणाकडे देऊ?

मी विचारलं.
बाई गोड हसल्या, फोटो काढा म्हणाल्या.
नको, फिलोमेना म्हणाली,
घाई आहे, कोबी आंबत घालायचाय यात.